रात्रीचा दिवा कुणी मागितला?

१

बुधवारी सकाळी माझ्या टेबलावर एक पत्र्याची पेटी आदळली. नवीकोरी. झाकणावर पांढऱ्या रंगात एका सात वर्षांच्या मुलाचं नाव आणि खाली दूरच्या एका निवासी शाळेचा पत्ता. आदळणारी बाई त्या मुलाची आई होती. शिंप्याच्या दुकानावर आमची खोली आहे आणि तिचा जिना असा की रिकाम्या हातानं चढणाऱ्यालाही धाप लागते. ही पेटी घेऊन चढली होती, पण तिला धाप लागली होती ती रागानं.

आमचं काम थोडक्यात सांगते. शाळेनं मुलाला नाकारलं, काढलं, नाहीतर कोपऱ्यात बसवून ठेवलं की आईबाप आमच्याकडे येतात. तुमच्या मुलाचा हक्क काय, शाळेवर बंधनं काय, हे आम्ही त्यांना समजावून सांगतो आणि वेळ पडली तर त्यांच्या बाजूनं भांडतो. भांडायचं खातं माझं. खालचा शिंपी मला फौजदारीण म्हणतो, म्हणू दे. समजावायचं खातं माझ्या सहकाऱ्याचं. तो खुणांच्या भाषेचा दुभाषी आहे, आणि हात मोकळे नसले तर तोंड चालू ठेवतो म्हणून त्याचं नाव बडबड्या.

ही आई ठार बहिरी. तिचा धाकटा मुलगाही. नवराही तसाच, तो कामासाठी परगावी असतो. घरात ऐकू येतं ते फक्त बारा वर्षांच्या मुलीला.

आईचे हात भराभर चालू लागले आणि बडबड्या बोलू लागला. "शाळेचा शिपाई काल पेटी दारात ठेवून गेला. शेजारणीला म्हणाला, सोमवारी गाडी येईल, मुलाला तयार ठेवा. शेजारणीनं मला लिहून दिलं. कुठली गाडी? माझ्या पोराला कुठे नेणार? कुणी ठरवलं?"

मी तिथल्या तिथे मुख्याध्यापकांना फोन लावला. ते अगदी शांत होते.

"अहो, आईनंच ठरवलं. मागच्या आठवड्यात बैठक झाली. मुलाला निवासी शाळेत पाठवायला त्यांनी संमती दिली, सही केली. तुम्ही त्यांनाच विचारा."

मी विचारलं. बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"सही माझीच आहे," तिचे हात सावकाश म्हणाले. "पण कागद इंग्रजीत होता, आणि ती मी दुभाषी मिळावा म्हणून केली होती. वर्गात त्याच्यासाठी दुभाषी येणार, असं मला सांगितलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी. सगळे माझ्याकडे बघून हसत होते."

२

मुख्याध्यापकांची खोली पाहिली की माणसाला आपण लहानपणी काहीतरी चोरलं होतं असं वाटायला लागतं. मी आणि बडबड्या त्यांच्यासमोर बसलो. बाजूच्या खुर्चीत शाळेच्या समुपदेशक बाई. बैठकीला हे दोघे होते, आई होती आणि तिच्या मुलीनं मध्ये बसून एकमेकांचं एकमेकांना सांगितलं होतं.

"बारा वर्षांच्या पोरीला दुभाषी केलंत? नियम माहीत आहे ना? पालकांसाठी मोठा, शिकलेला दुभाषी आणायचा असतो."

"अहो, घरचंच माणूस आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि किती हुशार पोरगी! वर्गातही भावाशेजारी बसून त्याला सगळं सांगते. गेल्या वर्षी आम्ही तिला आदर्श बहीण म्हणून बक्षीससुद्धा दिलं."

माझ्या तोंडावर आलं होतं की तुमचा दुभाष्याचा पगार वाचवते म्हणून दिलंत. पण जीभ आवरली. ऐकायला आले होते.

"आई काय म्हणाली, ते नीट सांगा."

समुपदेशक बाई बोलल्या. त्या साध्या बाई होत्या, खोटं बोलायचं वळण नव्हतं त्यांना. "मी म्हटलं, तिकडे सगळी मुलं खुणांनी बोलतात, तो रमेल. आई मान डोलवत होत्या. पूर्ण वेळ. मला इतकं बरं वाटलं! एरवी पालक भांडतात."

बाहेर व्हरांड्यात येताच बडबड्यानं कपाळावर हात मारला. "झालं! मान डोलवणं! खुणांनी बोलणारे समोरच्याचं बघताना मान हलवतात ती 'हं, कळतंय, पुढे बोला' म्हणून. ह्यांनी ते हो धरलं. सुटलं कोडं. चल घरी."

मलाही तसंच वाटलं. गैरसमज, दुसरं काय. पण त्या बाई आमच्यामागून धावत आल्या.

"एक सांगायचं राहिलं. आईंना काळजी नव्हती असं समजू नका हं. त्यांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा मागितली, की झोपायच्या खोलीत रात्रभर एक दिवा चालू ठेवा. तो अंधाराला घाबरतो बहुतेक. मी तिकडे तसं कळवलंय."

मी बडबड्याकडे बघितलं. घरी निघालेला तो तिथूनच परत वळला. नुसती मान डोलवून कुणाला दिवा मागता येत नाही.

३

त्याच दुपारी मी आईला लॉन्ड्रीत गाठलं. ती तिथे चादरींना इस्त्री करते. वाफेनं भरलेल्या त्या खोलीत तिनं इस्त्री उभी ठेवली आणि माझा प्रश्न बघितला. मला खुणा येतात, मोडक्यातोडक्या.

"दिवा? कसला दिवा? रात्रीचं बोलणं निघालंच नाही. मी विचारलं, दुभाषी कधीपासून येईल. लेकीनं सांगितलं, पुढच्या महिन्यात."

मग तिनं मला न विचारलेलं सांगितलं. तीही सहा वर्षांची असताना अशाच एका निवासी शाळेत पाठवली गेली होती. तिथे खुणा केल्या की हात पाठीमागे बांधून ठेवत. परत आली तेव्हा स्वतःची आई तिला पाहुणीसारखी वाटली, आणि आई जाईपर्यंत ते परकेपण गेलं नाही. "मी माझं पोर देणार नाही," ती म्हणाली. इस्त्रीच्या टेबलांशी इतर बायका होत्या, पण तिनं वाहणारे डोळे पुसले नाहीत. मला तिथे उभं राहवेना.

दिवा कुणीतरी मागितला होता. मुख्याध्यापकांनी? दुभाषी टाळायला त्यांनी काहीही केलं असतं, पण दिवा कशाला रचतील? समुपदेशक बाईंना तर तो अंधाराला घाबरतो असंच वाटत होतं. राहिला मुलांचा मामा. हा आईचा भाऊ, त्याला ऐकू येतं, आणि निवासी शाळेची टकळी त्यानं वर्षभर लावली होती. बैठकीच्या दिवशी तो बाहेर बाकावर बसला होता.

मामा गॅरेजमध्ये गाडीखाली होता. तिथूनच ओरडला, "होय, मी म्हणत होतो पाठवा! ताईचे हाल बघवत नाहीत. पण चोरून कशाला करीन? करायचं असतं तर छाती ठोकून केलं असतं."

"भाचा रात्री अंधाराला घाबरतो का हो?"

तो गाडीखालून बाहेर आला, ग्रीसनं माखलेला. "तो? डाराडूर झोपतो. माझ्याकडे राहायला आला की झोपतो ना, मिट्ट काळोखात. कोणी सांगितलं घाबरतो?"

उचलली जीभ लावली टाळ्याला अशातला माणूस, पण हे त्यानं विचार न करता सांगितलं, म्हणून मला ते खरं वाटलं. मामाला त्या दिव्याची काही कल्पना नव्हती. म्हणजे माझ्या यादीत कुणीच उरलं नव्हतं.

४

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. मुलगी पोळपाटाशी, धाकटा जमिनीवर चित्र काढत. मामाही आला आणि येताच बहिणीशी वाद घालायला लागला. चौघांचे हात, पाय आपटणं, मध्येच धाकट्याचं खिदळणं. इतकं गजबजलेलं शांत घर मी बघितलं नव्हतं.

मामानं पुन्हा निवासी शाळेचा विषय काढला तशी आई उठली आणि तिनं सरळ बटण बंद केलं. खोलीत काळोख.

"बघा!" काळोखात मामाचा आवाज आला. "हरायला लागली की दिवा घालवते. आता बोला! बोलून दाखवा!"

दिवा लागला तेव्हा आई हसत होती. "ह्या घरात शेवटचा शब्द माझा," तिचे हात म्हणाले. धाकटा हसून लोळत होता. मीही हसले, आणि हसताहसताच मला तो रात्रीचा दिवा आठवला.

धाकटा अंधाराला घाबरत नव्हता. मामाकडे एकटा झोपताना त्याला दिवा लागत नव्हता, कारण तिथे त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. पण त्या निवासी शाळेत रात्री शेजारच्या खाटेवर त्याच्यासारखीच मुलं असणार. दिवा असला तर ती एकमेकांचे हात बघू शकतील, बोलू शकतील. नसला तर सकाळपर्यंत तो एकटा. हे डॉक्टरला सुचणार नाही की मुख्याध्यापकाला. हे फक्त त्याच्याशेजारी झोपणाऱ्या माणसाला कळतं. आईनं दिवा मागितला नव्हता. बाप परगावी. धाकटा बैठकीला नव्हताच.

आणि आईचं म्हणणं शाळेला, शाळेचं म्हणणं आईला, हे सगळं एकाच तोंडातून आणि एकाच जोडीच्या हातांतून गेलं होतं. काखेत कळसा आणि मी गावभर हिंडत होते.

मी स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे बघितलं. पोरीनं लाटणं खाली ठेवलं होतं. तिनं मामाचं बोलणं ऐकलं होतं, आणि माझा चेहराही वाचला होता.

५

ती मला सोडायला म्हणून कोपऱ्यापर्यंत आली. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागली. "मला वाटलं सोमवार पटकन येईल, कुणाला कळायच्या आत."

मग तिला रडू फुटलं. मोठ्या माणसासारखं, आवाज दाबून.

जे कळलं ते असं. गेली दोन वर्षं शाळा तिला तिच्या वर्गातून उठवून भावाच्या वर्गात बसवत होती. आधी एक तास, मग गणिताचा, मग विज्ञानाचा, मग जवळजवळ सगळा दिवस. वर्गशिक्षिकेनं तिला 'कच्ची' म्हणून मागे ठेवलं होतं. तिच्याबरोबरच्या मुली वरच्या वर्गात गेल्या होत्या, आता मधल्या सुट्टीत तिच्याशी बोलत नव्हत्या.

"आईला का नाही सांगितलंस?"

"बक्षीस मिळालं त्या दिवशी आई सगळ्या गल्लीला दाखवत फिरली. कशी सांगू? आणि शाळेत विचारलं तर म्हणतात दुभाषी पुढच्या महिन्यात. दर वेळी पुढच्या महिन्यात. बैठकीत सर म्हणाले, ह्याला तिकडे पाठवायचं का, आईला विचार. मी..." तिनं नाक पुसलं. "मी आईला विचारलं, दुभाषी हवा का? ती हो म्हणाली. मी सरांना सांगितलं, आई हो म्हणते."

"आणि दिवा?"

"तो रात्री खूप बोलतो हो. मला झोपूच देत नाही. तिकडे कुणाशी तरी बोलू दे ना त्याला."

देवा, ह्या पोरीनं भावाला घालवायचं ठरवलं आणि जाताना त्याच्यासाठी एकच गोष्ट मागितली. मी आजवर किती शाळांशी भांडले, पण इतकी हताश कधी झाले नव्हते. एका मुलाचा हक्क शाळेनं दुसऱ्या मुलाच्या हक्कातून कापून दिला होता, आणि वर त्यासाठी बक्षीस दिलं होतं.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "सगळं नीट करा, पण हे सांगू नका."

"मी नाही सांगणार. पण तू सांग. आजच. तुझ्या तोंडून कळलं तर बरं."

तिनं मान डोलावली. ते हो होतं की नुसतं 'कळतंय', मला ओळखता आलं नाही.

६

मी बुधवारीच शिक्षण खात्याकडे तक्रार केली होती. सुनावणी शुक्रवारी, शाळेतच. शिक्षण खात्याच्या अधिकारी बाई मध्ये. माझा डाव सोपा होता. पालकांच्या बैठकीत मुलाला दुभाषी करता येत नाही, केलं तर ती बैठकच रद्द. कोण काय बोललं ह्यात शिरायचंच नाही. पोरीचं नावही येणार नाही.

आत जाण्याआधी मी बडबड्याला म्हटलं, "मुलीचा विषय निघालाच तर तेवढं हात आखडते घे."

तो पहिल्यांदाच गंभीर झाला. "नाही. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं त्या आईला दिसेल. एकानं तिच्यासाठी निवडून सांगितलं म्हणून तर आपण इथे आलोय."

तो बरोबर होता. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि आत गेले.

सगळं सुरळीत चाललं होतं. अधिकारी बाईंनी नियम वाचला, मान हलवली, मुख्याध्यापकांना विचारलं, "मोठा दुभाषी का बोलावला नाहीत?" आणि त्यांना घाम फुटला. अंगाशी आलं की माणूस जवळ असेल त्याला पुढे ढकलतो.

"चूक आमची कशी? आम्ही विचारलं होतं निवासी शाळेबद्दल! मध्ये एकटी तीच होती, ह्यांच्या मुलीनंच आईला खोटं सांगितलं. हे आमच्या समुपदेशक बाईंनाही आत्ता कळतंय. फसवणूक त्यांच्या घरातली आहे!"

मी बडबड्याकडे बघितलं. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता. पण हात थांबले नाहीत. त्यानं शब्द न् शब्द सांगितला.

आई बघत राहिली. मग तिनं खूण केली, "तिला बोलवा."

पोर वर्गातून आली. दारातच तिला कळलं. तिनं काल सांगितलं नव्हतं, तिला धीर झाला नव्हता, बारा वर्षांची होती हो ती! आईनं एवढंच विचारलं, "तू?"

पोरीनं हो म्हटलं. मग तिचे हात धावत सुटले. माफ कर, माझा वर्ग, मी मागे राहिले, मला वाटलं. आणि आईनं डोळे मिटून घेतले.

ज्या माणसाशी फक्त हातांनी बोलता येतं, त्यानं डोळे मिटल्यावर काय करायचं? पोर हवेत हात चालवत राहिली, मग ते खाली आले.

आईनं डोळे उघडले ते अधिकारी बाईंकडे वळून.

"माझी मुलगी खोटं बोलली," ती म्हणाली, आणि बडबड्या ते मोठ्यानं सांगत होता. "ते मी घरी बघेन." मग ती मुख्याध्यापक आणि समुपदेशक बाईंकडे वळली. "पण तिला त्या खुर्चीत तुम्ही बसवलंत. तिला वर्गातून तुम्ही उठवलंत. मी तुमच्यापुढे बसले होते, आणि तुम्ही दोघेही माझ्याशी न बोलता तिच्याशी बोलत होता. माझा मुलगा इथेच शिकेल. मुलगी तिच्या वर्गात बसेल. आता माझ्याकडे बघून उत्तर द्या."

अधिकारी बाईंनी तिच्याकडे बघून उत्तर दिलं. संमती रद्द झाली. सोमवारच्या गाडीऐवजी सोमवारी दुभाषी आला, आणि शाळेला मुलीचं बुडालेलं शिक्षण भरून द्यायचा आदेश निघाला. आम्ही सगळं जिंकलो. खाली शिंप्यानं विचारलं, "काय फौजदारीण, फत्ते?" तर मी हो म्हणून वर जाऊन दार लावलं आणि रडले.

७

महिनाभरानं दोघी आल्या, आई आणि मुलगी. धाकट्याचं छान चाललं होतं, नव्या दुभाष्याची तो नक्कल करून दाखवतो म्हणे. मुलगीही वर्गात बसत होती. दोघींनी एकसारख्या वेण्या घातल्या होत्या. मला वाटलं, चला, सावरलं.

मग आईनं मला विचारलं, "शुक्रवारी शाळेत पालकांना बोलावलंय, असं ही म्हणते. खरं आहे का?"

मुलगी शेजारीच उभी होती. आईनं हे लपवून विचारलं नव्हतं, रागानंही नव्हतं. दुकानदारानं दिलेलं सुटं नाणं उलटून बघावं तशी तिची सवय झाली होती. नंतर कळलं की डॉक्टरांनी काय सांगितलं ते ती शेजारणीकडून पडताळते, आणि घरमालक काय म्हणाला ते मामाकडून.

मी शाळेत फोन केला. "खरं आहे," मी खुणेनं सांगितलं. "ती खरंच सांगतेय."

आईनं आभार मानले, लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमानंच ठेवला, आणि पुढे जिना उतरायला लागली. मुलगी दाराशी थांबली.

"ताई, मी त्यानंतर एकदाही खोटं बोलले नाही," ती म्हणाली. "किती दिवस खरं बोलल्यावर ती विचारायचं थांबेल?"

मला सगळे नियम पाठ आहेत. कुठल्या कलमाखाली काय मागायचं, कुणाला अर्ज करायचा, किती मुदतीत उत्तर मिळायला हवं, झोपेतून उठवलं तरी सांगेन. तिच्या ह्या प्रश्नाची मुदत मात्र कुठल्याच नियमात लिहिलेली नाही.

"खरं बोलत राहा, बाळा," एवढंच मी म्हटलं.